सुक मोई आत्याने नाव दिलेलं फळ

सुक मोई आत्याला घाबरलेली अशी सिबू गावच्या बाजारात कुणी पाहिलेलं नव्हतं. एका वर्षी रजांग नदीचं पाणी बाजाराच्या ओट्यांपर्यंत चढलं, तेव्हाही ती टोपली डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती आणि समोरच्या गिऱ्हाइकाला पपनस कसं सोलायचं ते समजावत होती. त्या बुधवारी दुपारी दीड वाजता मात्र तिचे ओठ पांढरे पडले. पलीकडच्या मिरचीवालीने विचारलं, ऊन लागलं का. आत्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सकाळी अकराला आपण एका पोराला एक फळ विकलं, आणि तो पोरगा कोण, कुठला, हे आपल्याला ठाऊक नाही.

आत्या शाळेत गेलेली नाही. नदीच्या वरच्या अंगाला रबराच्या बागेत तिचा जन्म, आणि अक्षरओळख म्हणाल तर स्वतःची सही, तीही उलट्या बाजूने सुरू करते. पण फळांची नावं तिला पाच भाषांत येतात. घरची चिनी बोली फूचौ, शेजाऱ्यांची होक्किएन, मलय, रानातल्या लोकांची इबान, आणि शाळेतल्या बाईंसारखी नाकातून काढलेली मंदारीन. गावात कुणाला कसलं अनोळखी फळ मिळालं की ते आत्याच्या ओट्यावर येतं. ती ते हातात घेऊन वजन बघते, बोटाच्या पेराने ठोकते, देठ नखाने खरवडून हुंगते. मग गिऱ्हाइकाकडे अशी बघते की बिचाऱ्याला आपल्या अडाणीपणाची लाज वाटावी. "हेऽऽ? हे माहीत नाही तुला?" त्यातला 'हे' चांगला हातभर लांब. मग नाव, मग ते कुठे होतं, अंगाला उष्ण की थंड, आणि खायचं कसं.

ज्या फळाचं नाव तिला येत नसे त्याला ती नाव देत असे. घरात आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं. माझे बाबा म्हणायचे, ताईने बारसं केलेली निदान वीस फळं या गावात फिरतायत. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते, तिच्या आईनेसुद्धा. ती आई, म्हणजे माझी आजी, या प्रसंगाच्या बत्तीस दिवस आधी गेली. आत्याच्या डाव्या बाहीवर सुतकाचा काळा तुकडा टाचणीने लावलेला होता. सातव्या दिवसानंतर ती पुन्हा ओट्यावर बसायला लागली, कारण फळं काही थांबत नाहीत.

आत्याच्या ओट्याला लागून खाली जमिनीवर इंदाई रांती बसते. इंदाई म्हणजे आई. इबान बायकांना पहिलं मूल झालं की त्यांचं स्वतःचं नाव मागे पडतं आणि मुलाचं पुढे येतं, तशी ही रांतीची आई. आतल्या रानातल्या लांबघरातून, म्हणजे खांबांवर उभ्या, अख्खं गाव एका छपराखाली राहतं अशा घरातून, पहाटेच्या बसने येते, नेच्याचे कोवळे कोंब आणि रानातली फळं आणते. बोलते इतकी कमी की वाटावं, तिच्या शब्दांना बसभाडं पडतं. दहा वर्षांची शेजारीण. एक उठून कुठे गेली की दुसरीने तिचा माल विकायचा, हा बाजारातला सगळ्यांचाच रिवाज. सांगावं लागत नाही.

त्या बुधवारी इंदाईची दाढ ठणकत होती. नऊ वाजता ती दवाखान्यात गेली आणि आत्याने नेहमीप्रमाणे तिचा माल विकायला घेतला. नेच्याच्या जुड्या भराभर गेल्या. शेवटची जुडी उचलली आणि टोपलीच्या तळाशी तीन फळं उघडी पडली. नारळाएवढी, तपकिरी, खरखरीत, वटवाघळाच्या अंगासारखी. इंदाईने ती जुड्यांखाली का ठेवली होती, हा प्रश्न आत्याला त्या वेळी पडला नाही. तिने एक उचलून ओट्यावर मांडलं आणि उरलेली दोन टोपलीतच राहू दिली.

तेवढ्यात तो पोरगा आला. तिशीच्या आतला, डोळे लाल, अनेक रात्री झोप नसलेला. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जिवंत कोंबडी, कागदाच्या नळीतून तिचं डोकं तेवढं बाहेर. दुसऱ्या हातात लाल तांदळाच्या दारूची बाटली. लाल दारूत शिजवलेली कोंबडी आमच्याकडे बाळंतिणीला महिनाभर देतात, त्यावरूनच आत्याने ओळखलं की घरात ओली बाळंतीण आहे. त्याने ओट्यावरच्या फळाकडे बघून विचारलं, "मावशी, हे कसलं फळ?"

आत्या ते फळ आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. नंतर तिने हे स्वतःच आम्हाला सांगितलं, आणि हेही सांगितलं की तिला उत्तर द्यायला तीन श्वास उशीर झाला. मग तिने ते ठोकलं, हुंगलं. आतून पिकल्या गराचा गोड वास आला. आणि ती म्हणाली, "हेऽऽ? हे माहीत नाही तुला? रानातलं चेंपेदक हे."

चेंपेदक म्हणजे फणसाचा धाकटा भाऊ. तो गावात सगळे खातात, आणि त्याच्या आठळ्या तर कुणीच टाकत नाही, मिठाच्या पाण्यात उकडून पोरं येताजाता तोंडात टाकतात. पोराने पुन्हा विचारलं, चेंपेदकाला काटे असतात ना? आत्या म्हणाली, दाट रानात ऊन नाही, तिथे काटे कशाला येतील. मिरचीवालीनेही मान डोलावली. मग आत्याने चौकशी केली. मुलगा झालाय, एकोणीस दिवसांचा. आईला दूध पुरेसं येत नाही, बाळ रात्रभर रडतं, घरात कुणाला झोप नाही. आणि आत्याने, कुणी विचारलं नसताना, पुढचं सांगितलं. गर तुम्ही खा, आठळ्या फोडून डुकराच्या बरगड्यांबरोबर उकडा आणि तो रस्सा आठळ्यांसकट बाळंतिणीला द्या. फणसाच्या आठळ्यांनी दूध उतरतं हे आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे, आजीने आत्यालाही दिल्या होत्या. पोराने बाटली काखेत मारली आणि ते फळ कुणाच्या हातून प्रसाद घ्यावा तसं घेतलं.

दीड वाजता इंदाई परत आली. गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. तिने टोपलीत बघितलं.

"तिसरं?"

आत्या खुशीत होती. विकलं म्हणाली, आणि चांगल्या भावाने विकलं.

इंदाईने तोंडातला बोळा काढला. दहा वर्षांत बोलण्यासाठी तिने एवढे कष्ट पहिल्यांदाच घेतले. "कुणाला? इबान बाईला?"

"नाही गं, आपल्या चिनी पोराला. बायको बाळंतीण आहे, आठळ्या उकडून देणार."

इंदाई खाली बसली. ती फळं विकायची नव्हतीच. संध्याकाळी तिची मावसबहीण येऊन ती घेऊन जाणार होती. "केपायांग आहे ते, मोई," ती म्हणाली. "त्याचं बी दिवसभर उकळायचं. मग राखेत पुरायचं, चाळीस दिवस. मग धुवायचं, पुन्हा धुवायचं. मग खायचं."

"आणि नुसतं उकडून खाल्लं तर?"

इंदाईच्या लहानपणी त्यांच्या लांबघराखालच्या दोन डुकरांनी वाळत घातलेल्या बिया खाल्ल्या होत्या. आधी दारू प्यायल्यासारखी झुलायला लागली, मग श्वास धापा टाकत घ्यायला लागली. संध्याकाळी दोन्ही आडवी. आत्याने विचारलं, माणसांचं काय होतं. इंदाईने बोळा परत तोंडात घातला आणि नदीकडे बघत राहिली.

याच क्षणी मिरचीवालीने उन्हाचं विचारलं. आत्या उठली, बसली, पुन्हा उठली. त्या पोराचं नाव विचारलं नव्हतं. चेहरा आठवायला गेली तर लाल डोळ्यांपलीकडे काही आठवेना. आठवली ती कोंबडी. काळ्या पायांची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि कागदाचं तोंड केळीच्या सोपाने दोनदा बांधलेलं. दोनदा बांधणारा बाजारात एकच माणूस, कोंबडीवाले हिई काका.

हिई काकांना काहीही विचारलं तरी ते सृष्टीच्या आरंभापासून सुरू करतात. "असं आहे बघ मोई, कोंबडी घेणारे दोन प्रकारचे असतात..."

आत्याने त्यांची बाही धरली. "हिई दादा, काळ्या पायांची कोंबडी, सकाळी, लाल डोळ्यांचा पोरगा. कोण तो?"

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा थोडक्यात उत्तर दिलं. तिंग आडनाव. महिनाभर दिवसाआड एक कोंबडी सांगून ठेवली आहे. फोन नंबर भिंतीवर कोळशाने लिहिलेला होता. काकांनी लावला. घंटा वाजली, वाजत राहिली, बंद पडली. पुन्हा लावला. काका म्हणाले, बाळ उठू नये म्हणून तिंगची आई फोन उशांखाली दाबून ठेवते, तोच सांगत होता. घर कुठे, तर पावरोटीच्या भट्टीमागची गल्ली, एकसारखी बारा घरं. त्यातलं कुठलं ते काकांना माहीत नव्हतं, कारण तिंग माल इथूनच उचलून न्यायचा.

काकांच्या कोंबड्यांच्या गाडीत तिघं बसले. पुढे काका आणि आत्या, मागे पिंजऱ्यांमध्ये इंदाई, मांडीवर उरलेली दोन फळं. घड्याळात दोन वाजत आले होते. बाळंतिणीचं दुसरं जेवण आमच्याकडे तीनला असतं. आत्या रस्ताभर हिशेब करत होती. पोरगा साडेअकराला घरी पोचला असेल. फळ फोडायला वेळ. बियांचं कवच कठीण असतं म्हणे, म्हणजे हातोडी शोधायला वेळ. मग उकळायला. तिच्या मते तीनपर्यंत शिजणार नाही. मग लगेच तिला वाटायचं, पण भूक लागली म्हणून बाळंतिणीने आधीच मागितलं तर? अंगावर पिणाऱ्या बाळाचं काय होईल, हा विचार तिने मधेच तोडला, आणि तो पुन्हा पुन्हा जोडला जात होता. काका सिग्नलला थांबले तेव्हा ती म्हणाली, थांबू नका. काका म्हणाले, समोर पोलीस आहे. ती म्हणाली, असू दे, त्यालाही सांगते.

भट्टीमागच्या गल्लीत बारा घरं खरंच एकसारखी होती. तीच निळी फाटकं, तेच जाळीचे दरवाजे. दुपारची वेळ, माणूस एक नाही. हिई काका पहिल्या फाटकाची कडी वाजवायला लागले. आतून कुत्रा भुंकला. दुसऱ्या घराला कुलूप. आत्या गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. ज्या घरात ओली बाळंतीण असते तिथे आलं, तिळाचं तेल आणि लाल दारू महिनाभर शिजत असते, आणि त्या वासाला भिंती अडवू शकत नाहीत. ती नाक वर करून एकेका फाटकापुढून चालत गेली. चौथ्यापाशी साबण. सहाव्यापाशी तळलेला मासा. नवव्यापाशी ती थांबली. एवढ्या उन्हात खिडक्या घट्ट बंद, ओसरीत दोरीवर लहान लंगोट, सुपात वाळत घातलेल्या आल्याच्या साली. आणि आल्याच्या वासाखाली आणखी एक वास, गोडसर, जो तिने सकाळी हुंगला होता. भांडं चुलीवर होतं.

तिने फाटक हलवलं. आतून एक म्हातारी आली, तिंगची आई. ठेंगणी, ताठ, हातात पळी. तिने आत्याच्या चेहऱ्याआधी बाहीवरचा काळा तुकडा बघितला आणि जिथे होती तिथेच थांबली.

"तिथेच उभी राहा बाई. घरात बाळंतीण आहे."

आत्या म्हणाली, ठाऊक आहे, म्हणूनच आले. सकाळी तुमच्या मुलाने नेलं ते फळ मी दिलं. ते विषारी आहे, सुनेला देऊ नका, ओतून टाका.

म्हातारीने मागे उभ्या असलेल्या इंदाईकडे बघितलं, कोंबडीची पिसं लागलेल्या हिई काकांकडे बघितलं, आणि पुन्हा त्या तुकड्याकडे. सुतकातली बाई बाळंतिणीच्या दारात, आणि तोंडात विषाचा शब्द. तिने तीन वेळा बाजूला थुंकून अपशकुन उडवला. मग तिचं सुरू झालं, आणि तिची रीत अशी की प्रत्येक मुद्द्याला पळी एकदा फाटकावर. मुलगा म्हणाला, बाजारातल्या सुक मोईने सांगितलं, चेंपेदक आहे. सगळा गाव म्हणतो, सुक मोईला फळातलं कळतं. तिने सांगितलं, आठळ्यांनी दूध येतं. मी दीड तास चुलीपाशी उभी आहे. "आणि आता तूच येऊन म्हणतेस विष. सकाळची तू खरी की आत्ताची?"

आत्याने आधी तिची नेहमीची वाट धरली. जगात चेंपेदक तीन प्रकारचं असतं, त्यातलं एक कडू जातीचं, ते बाळंतिणीला चालत नाही, वगैरे. आवाज जरा चढवून, भुवया वर करून. आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की म्हातारीची पळी खाली आली आहे आणि ती विश्वास ठेवायला लागली आहे, पण चुकीच्या गोष्टीवर. म्हातारी म्हणाली, कडू जातीचं असेल तर औषधी असणार. मलाही कडसर लागलं. कडू ते गुणाचं.

इंदाई मागून म्हणाली, "चाखलंय तिने."

आत्याने फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले. ती पुढे जे बोलली ते हिई काका अजून शब्द न् शब्द सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज आत्यासारखाच बारीक होतो.

"आजी, मला ते फळ माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा बघितलं. नाव माझ्या मनाचं होतं, आठळ्यांचंही माझ्या मनाचं. ही बाई त्या फळाच्या रानातली आहे, हिला माहीत आहे. मला काही माहीत नाही."

मग म्हातारीने खाली बघत, चोरी पकडल्यासारखं, सांगितलं, "मी तीन खाल्ल्या. पिठूळ होतायत का बघायला. पहिली कच्ची निघाली म्हणून दुसरी, दुसरी कच्ची म्हणून तिसरी." ती पुढे म्हणाली, "डोकं मघापासून जड आहे. मला वाटलं, चुलीपुढे उभी राहून झालं असेल." आणि पळी हातातून निसटली. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती श्वास घेत होती जिना चढून आल्यासारखा.

कडी आतून होती. म्हातारीने ती काढली ती आत्याला आत घेण्यासाठी नव्हे, उभं राहण्यासाठी धरायला काहीतरी हवं म्हणून. इंदाईने तिला दंडाला धरलं. आत्या उंबऱ्यापाशी थांबली. आत चूल पेटलेली होती, भांडं उकळत होतं, पलीकडच्या खोलीत बाळंतीण होती, आणि पळी पडल्याच्या आवाजाने बाळ जागं होऊन रडायला लागलं होतं. हे सगळं तिला ऐकू येत होतं. सुतकात बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकलं तर बाळाला बाधतं, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. तिने मनात आईची माफी मागितली की बाळाची, ते तिलाही नंतर आठवेना. ती आत गेली, चूल विझवली, भांडं उचलून मोरीत ओतलं, आणि बाळंतिणीच्या खोलीच्या बंद दाराला तोंड लावून विचारलं, "पोरी, आठळ्यांचा रस्सा प्यायलीस का? एक घोटसुद्धा?"

आतून झोपाळू आवाज आला. "नाही. आई म्हणाल्या अजून शिजायचंय. कोण आहे?"

"कुणी नाही," आत्या म्हणाली. "तू दार उघडू नकोस."

शेजारच्या दहा नंबरच्या बाईला त्या पोरीपाशी बसवून तिघांनी म्हातारीला गाडीत घातलं. पुढच्या बाकावर म्हातारी आणि इंदाई, मागे पिंजऱ्यांत आत्या. वाटेत म्हातारीला दोनदा उलटी झाली. ती इंदाईच्या खांद्यावर डोकं टेकवून पुटपुटत होती की गल्ली हलतेय, गाडी उभी आहे आणि गल्ली पळतेय. मग पुटपुटणं थांबलं. आत्या मागून ओरडत राहिली, बोलत ठेवा हिला, झोपू देऊ नका. इंदाई, जिला दिवसाला दहा शब्द पुरतात, ती मोडक्यातोडक्या फूचौमध्ये म्हातारीशी बोलत राहिली. तोंडात रक्ताचा बोळा, आणि सांगतेय काय, तर नेच्याचे कोंब कसे खुडतात. वरचा वाक मोडायचा नाही, आजी. पाणी असतं तिथले घ्यायचे, आजी. ऐकतेस ना, आजी.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, समुद्रापलीकडून आलेला. त्याने विचारलं, काय खाल्लंय. सगळ्यांनी आत्याकडे बघितलं, काकांनी सवयीने आणि म्हातारीने अर्धवट मिटल्या डोळ्यांनी. आत्याने इंदाईला पुढे केलं. इंदाईने नाव सांगितलं, डॉक्टरला ते कळलं नाही. तिने गाडीतून आणलेलं एक फळ त्याच्या टेबलावर ठेवलं. शेजारून जाणारी एक वयस्क परिचारिका ते बघून थबकली. "कच्चं?" तिने विचारलं. आत्या म्हणाली, दीड तास उकडलेलं, तीन बिया. परिचारिका डॉक्टरच्या कानाशी काही बोलली आणि दोघंही पळायला लागले.

साडेचारला तिंग आला. कामावरून तसाच, हाताला वंगण. आत्याला वाटलं, हा मारेल. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. तो तिच्यापुढे उभा राहिला आणि हळू आवाजात एवढंच म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं." मग तो भिंतीला टेकून बसला. आत्या त्याच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसली. कुणी चहा आणला, कुणी प्यायला नाही. इंदाईची शेवटची बस निघून गेली, तरी ती उठली नाही. दार उघडलं की चौघं उभे राहत, आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जाई. सहा वाजता परिचारिका आली आणि म्हणाली, श्वास सुधारलाय, पण रात्रभर बघावं लागेल. तिंग रडला. आत्या रडली नाही, ती कोपऱ्यात जाऊन ओकली.

म्हातारी तीन दिवसांनी घरी गेली. बाळाला काही झालं नाही, त्याच्या आईलाही नाही. गावाने या गोष्टीचं पुढे बरंच काही केलं. हिई काकांच्या तोंडी तीन बियांच्या सात झाल्या. पण आत्या चौथ्या दिवशी ओट्यावर आली ती निराळीच. कुणी केळी मागितली तरी ती घड उलटून बघायची, हुंगायची, पुन्हा बघायची. एका शाळेच्या मुलीने, बाजारभर ढीग असतात ते लाल केसाळ रामबुतान उचलून विचारलं, गोड आहेत का, तर आत्याने खाली वाकून इंदाईला विचारलं, "हे रामबुतानच ना?" मुलगी हसली. इंदाई हसली नाही. तिने फळ हातात घेतलं, नीट बघितलं आणि मान हलवली.

आठवड्याने तिंग आला. आधी हिई काकांकडून कोंबडी घेतली, मग ओट्याच्या बाजूने सरळ पुढे गेला, थांबला, आणि परत आला. त्याचे डोळे अजून लाल होते. दूध पुरतच नाही म्हणाला. आईने पाठवलंय. कच्च्या पपईचा आणि माशाचा रस्सा करायचा म्हणते.

आत्याने पपई उचलली. हिरवी, साधी, कुणाच्याही परसात असते तशी. ती तिने ठोकली नाही, हुंगली नाही. सुरीने अर्धी केली, एक फोड कापली आणि त्याच्यासमोर खाल्ली, सालीसकट. मग हात पुसून बाजाराच्या घड्याळाकडे बघितलं.

"अर्धा तास थांब," ती म्हणाली.

तो पपईला नको म्हणाला नाही, आणि आत्याच्या ओट्यावर दुसरं गिऱ्हाईकही आलं नाही, कारण सगळे लांबून बघत होते. दोघं समोरासमोर उभे राहिले. आत्या आपल्याच पोटाकडे कान लावून असल्यासारखी, आणि तो तिच्या कपाळावर घाम येतो का ते निरखत. मिरचीवालीने मिरच्या निवडणं थांबवलं. वीस मिनिटांनी आत्याला घाम आला. तिंग पुढे वाकला. इंदाईने खालून तिचा हात धरून बघितला आणि म्हणाली, उन्हाचा आहे. त्यांनी आणखी दहा मिनिटं काढली. मग तिंगने उरलेली पपई उचलली, पिशवीत घातली, आणि जाताना विचारलं, "उद्याही थांबावं लागेल का?"

"उद्याही," आत्या म्हणाली.